कुंदाताईंनी बघितलेली घरं

निवृत्तीनंतर वर्षभरातच मी कुंदाताई भोईर यांचा नवरा झालो. माझी खरी बायको सुधा हिच्या पूर्ण संमतीने. सकाळी डबा हातात देताना ती विचारायची, "आज कुठल्या घरात संसार?" आणि मी चपला सरकवत म्हणायचो, "हाटकेशला. टू बीएचके. लिफ्ट आहे म्हणतात."

भाईंदरला नवघर रोडवर एका दातांच्या दवाखान्याच्या वर आमच्या संस्थेच्या दोन खोल्या होत्या. धर्म, जात, मासे-मटण, एकटी बाई, असलं काहीतरी कारण काढून ज्यांना भाड्याचं घर नाकारलं जातं, त्यांच्या बाजूने भांडायचं हे संस्थेचं काम. मी विमा कंपनीत आयुष्य काढलेला माणूस. पत्रव्यवहार बघायला म्हणून गेलो होतो. पहिल्याच आठवड्यात कुंदाताईंनी मला भाजी घेताना बघतात तसं उलटसुलट न्याहाळलं आणि आमच्या प्रमुख मॅडमना म्हणाल्या, "ह्यांना टेबलावर कशाला बसवलंय? कुलकर्णी आडनाव, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. एजंट ह्यांना बघून आपणहून चाव्या काढतील."

आणि खरंच काढत. आपल्या आडनावाला मीरा रोडमध्ये एवढा भाव आहे हे मला साठीनंतर कळलं. आयुष्यभर ज्या नावाने मला साधी बढती वेळेवर मिळवून दिली नाही, त्या नावावर अनोळखी लोक मला बेडरूम दाखवत होते. आधी गंमत वाटली. मग हळूहळू कुणी "कुलकर्णीजी, आइए ना" म्हणालं की मला शिसारी यायला लागली. पण ते पुढचं.

कामाची पद्धत अशी. समजा, एखाद्या खान नावाच्या कुटुंबाला सकाळी एजंटने सांगितलं, "वो फ्लॅट तो गया." त्याच दिवशी दुपारी कुंदाताई आणि मी त्याच एजंटकडे त्याच फ्लॅटसाठी जायचो. पगार तेवढाच सांगायचा, घरातली माणसं तेवढीच, फक्त नाव कुलकर्णी. गेलेला फ्लॅट आमच्यासाठी परत आलेला असायचा. संस्थेत ह्याला 'जोडी लावणं' म्हणत. मग संस्था सोसायटीला पत्र लिहायची, कमिटीला भेटायची, कधी सोसायट्यांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करायची. बहुतेक वेळा काही होत नसे. अधूनमधून एखादं दार उघडायचं आणि त्या दिवशी ऑफिसात सामोसे यायचे.

कुंदाताई पन्नाशीच्या पुढच्या, ठेंगण्या आणि अंगाने भरलेल्या. चालायच्या मात्र अशा की मी कायम चार पावलं मागे. "बरोबर आहे," त्या म्हणायच्या, "नवरे मागेच असतात." मला त्यांनी एकच सूचना दिली होती. "तुम्ही पंख्याकडे बघायचं. घर बघताना नवरे पंख्याकडेच बघतात. तोंड उघडायचं नाही." मी उघडत नसे. मीरा-भाईंदरमधले पंखे मी जितके बघितलेत तितके इलेक्ट्रिशियननेही बघितले नसतील.

त्या स्वतः मात्र नाटक करत नसत. "घर बघायला आलेल्या बाईने घरच बघायचं," हे त्यांचं म्हणणं. "नाटक केलं की एजंटला वास येतो." म्हणून जोडी लावायच्या आधी त्या नाकारलेल्या कुटुंबाच्या घरी जाऊन यायच्या. तिथे चहा प्यायच्या, जमलं तर जेवायच्या आणि त्यांचं सामान डोळ्यांत भरून घ्यायच्या. मग रिकाम्या फ्लॅटमध्ये उभं राहून ते सामान लावायच्या. "मशीन इथे, उजेड चांगला आहे." "खाट ह्या भिंतीला. दाराचा वारा लागायला नको." एजंटला वाटायचं, काय बारकाईने बघणारी बाई आहे! मला माहीत असायचं की ते शिवणाचं मशीन सकाळी नाकारलेल्या अन्सारींच्या सुनेचं आहे आणि खाट तिच्या सासूची. आमच्या घरी मशीन नाही.

ह्या सवयीचा एक परिणाम झाला, तो मला बराच उशिरा लक्षात आला. एकदा आम्ही शांतीनगरहून स्टेशनकडे चालत होतो. संध्याकाळ झाली होती, खिडक्यांत दिवे लागत होते. एका इमारतीसमोर कुंदाताई थबकल्या आणि तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तिथे पीटर आणि त्याची आई राहते. आईने गॅलरीत अळू लावलंय."

मी वर बघितलं. गॅलरीत कुणाचे तरी टॉवेल वाळत होते. पीटर आणि त्याची आई आमच्याकडे आले होते ते मला आठवत होतं. त्यांना तो फ्लॅट मिळाला नव्हता. ते पुढे नालासोपाऱ्याला गेले.

"राहते?" मी विचारलं.

"राहिली असती," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या. "मी अळू लावून आले होते ना तिथे."

त्यानंतर त्यांच्याबरोबर रस्त्याने जाणं मला जड जायला लागलं. त्या काही रोज बोलून दाखवत नसत, पण मान वळली की मला कळायचं. सबंध गावात त्यांनी माणसं बसवून ठेवली होती. त्या एवढ्या मोठ्या टॉवरांमध्ये खरे राहणारे लोक टीव्ही बघत, भाज्या चिरत असायचे, आणि कुंदाताईंना त्यांच्या आरपार दुसरेच कुणी दिसायचे. मी सुधाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्या बाईला थोडी सुट्टी घ्यायला सांगा." सांगून बघितलं. त्यांनी ऐकलं नाही.

त्या मूळच्या नवघर गावातल्या, आगरी. आज जिथे बिल्डिंगा आहेत तिथे त्यांची भातशेती होती आणि खाडीकडे मिठागरात हिस्सा. एकदा एका नाकारलेल्या कुटुंबाची बाजू मांडायला गेलो होतो आणि सोसायटीचा सेक्रेटरी आम्हाला पार्किंगमध्ये उभं करून समजावत होता, "ऐसा है, हम बाहर के लोगों को नहीं लेते." कुंदाताईंनी विचारलं, "आप कब आए इधर?" तो म्हणाला, चार-पाच वर्षं झाली. "मी इथलीच," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी उभी आहे ना, तिथे माझ्या आजाचं खळं होतं. मी लहानपणी तिथे भाताच्या राशीवर झोपायचे." सेक्रेटरीने गाडीकडे असं बघितलं की जणू ती कुणीतरी उचलून नेणार आहे. मला हसू आवरेना, मी पंख्याकडे बघायला गेलो तर वर आभाळ होतं.

जमीन विकली गेली तेव्हा कुंदाताईंनी भावाला हक्कसोडपत्र करून दिलं. आपल्याकडे बहिणी देतात तसं. माहेर तुटू नये म्हणून सही करायची, कुणी विचारतही नाही. त्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन परत आल्या होत्या. भावाने गावात भाड्याच्या खोल्या बांधल्या, त्यातली एक त्यांना राहायला दिली. त्याबद्दल त्या कधी वाईट बोलल्या नाहीत. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायच्या, "भाऊ चांगला आहे. सणाला साडी येते."

ह्या सगळ्यात तस्लीम आमच्याकडे आली. भाईंदरच्या एका हॉस्पिटलात ती नर्स होती, तिशीची, कमी बोलणारी. ती आणि तिचे वडील युसुफचाचा एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत. इमारत धोकादायक ठरली होती, खाली करायची नोटीस लागली होती. बाकीची बिऱ्हाडं एकेक करून गेली. ह्या दोघांना कुठेच घर मिळेना. चाचांची छाती खराब होती, जिने चढता येत नव्हते, म्हणजे तळमजला हवा किंवा लिफ्ट हवी, हॉस्पिटल जवळ हवं, आणि वर नाव युसुफ शेख. एजंट फोनवर नाव ऐकेपर्यंत फार गोड बोलायचे. शेवटी त्या इमारतीत ही दोनच माणसं उरली. पाणी तोडायची भाषा सुरू झाली होती.

कुंदाताईंच्या मागोमाग मी तिथे गेलो तो दिवस मी विसरू शकत नाही. जिन्यात लोखंडी टेकू लावलेले. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी टाकलेली, आत भिंतींवर कॅलेंडरांचे आणि देव्हाऱ्यांचे पांढुरके चौकोन. एका स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. आणि ह्या सगळ्याच्या वर चौथ्या मजल्यावर युसुफचाचा स्वच्छ कुडता घालून, दार उघडं ठेवून दारातच बसलेले. "आइए, आइए," म्हणाले. "बहुत दिनों बाद कोई सीढ़ी चढ़ के आया."

त्यांनी शाळेची बस चालवण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. त्यामुळे मीरा रोडची निम्मी तरुण पोरं त्यांना लहानपणच्या नावांनी ठाऊक. कोण रडायचं, कोण डबा विसरायचं, हेच त्यांच्या बोलण्यात. दोन वाक्यांनंतर दम लागायचा, मग हात वर करून थांबायला सांगायचे आणि श्वास आला की वाक्य जिथे सोडलं तिथून बरोबर पुढे. कुंदाताई त्या दिवशी फार वेळ बसल्या. त्यांच्या वडिलांचाही दमा असाच होता, हे त्यांनी मला जिना उतरताना सांगितलं.

हाटकेशच्या एका सोसायटीत तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता. मालक परगावी, सगळं एजंटच्या हातात. तस्लीमला सांगण्यात आलं, गेला. आम्ही दुपारी गेलो. सेक्रेटरीच्या बायकोने, मीनाबेनने, स्वतः कुलूप उघडलं. बाई बोलकी, मोकळी. घरात कोण कोण, तिने विचारलं.

इथे कुंदाताईंनी नेहमीपेक्षा वेगळं केलं. एरवी त्या सामान लावायच्या, ह्या वेळी त्यांनी माणूस लावला. "मेरे बाबा हैं," त्या म्हणाल्या. "सांस की तकलीफ है, सीढ़ी नहीं चढ़ सकते. दरवाज़े में बैठते हैं, आते-जाते सबसे बात करते हैं. बच्चे बहुत पसंद हैं. छोटी बहन नर्स है, वो देखती है." चाचांचा हात वर करून थांबणंसुद्धा त्यांनी करून दाखवलं. मीनाबेनचे डोळे भरून आले. "पापाजी को ले आओ," ती म्हणाली. "हमारे यहाँ बादाम के नीचे कितनी छाँव है. मैं खुद कुर्सी रख दूँगी."

नियमाप्रमाणे आमचं काम तिथे संपत होतं. पुरावा मिळाला होता, पुढचं पत्राने. पण कुंदाताई ऑफिसात येऊन म्हणाल्या, "पत्र नको. मी त्यांना घेऊनच जाते. ह्या लोकांना आवडलेत ते. एवढं आवडल्यावर नावाचं काय राहतं?" मॅडम नाही म्हणाल्या. सरळ सांगितलं, हे आपलं काम नाही आणि ह्यात आपण अडकू. कुंदाताईंनी ऐकून घेतलं आणि रविवारी रिक्षा ठरवली.

चाचांना खुर्चीत बसवून तस्लीमच्या हॉस्पिटलातल्या दोन वॉर्डबॉयनी खाली आणलं. मी पुढे वाट दाखवायला. प्रत्येक मजल्यावर चाचा हात वर करून थांबवायचे आणि उघड्या दाराकडे बघून सांगायचे, "ये डिसोज़ा. इसकी बीवी केक भेजती थी." खालच्या मजल्यावर, "ये पांडेजी. इनके साथ पानी का झगड़ा रहता था." मग त्या रिकाम्या दाराला सलाम करून, "चलो." खाली उन्हात आल्यावर त्यांनी टोपी नीट केली.

सोसायटीत बदामाखाली खुर्ची खरंच मांडलेली होती. हातांची, आणि वर उशी. शेजारी स्टुलावर पाण्याचा तांब्या. मीनाबेन, तिचा नवरा आणि आणखी दोघी-तिघी उभ्या होत्या. रिक्षातून चाचा उतरले. पांढरी दाढी, टोपी. कुणीतरी पोराला आत बोलावलं.

"ये कौन?" सेक्रेटरीने विचारलं.

"बाबा," कुंदाताई म्हणाल्या. "बोला था ना."

"नाम?"

"यूसुफ." हे चाचांनीच सांगितलं आणि चालत जाऊन त्या खुर्चीत बसले, कारण त्यांना उभं राहवत नव्हतं.

मीनाबेन त्यांच्याकडे टक लावून बघत होती. एकदम म्हणाली, "बस वाले चाचा?"

चाचांनी डोळे बारीक केले. "बंटी की मम्मी! बंटी कैसा है? अब भी बस में उलटी होती है?"

मीनाबेन हसली आणि हसता हसता रडायला लागली. आत पळत जाऊन बिस्किटं घेऊन आली. तिने स्वतःच्या हाताने तांब्यातलं पाणी ओतून दिलं. वर्षानुवर्षं तिचा मुलगा ह्या माणसाच्या हवाली होता. मला वाटलं, जमलं. कुंदाताईंच्या चेहऱ्यावरही तेच होतं, लहान मुलीसारखं.

तिचा नवरा मात्र शांतपणे कुंदाताईंना बाजूला घेऊन म्हणाला, "मैडम, आपने झूठ बोला."

"नाव आणि नातं सोडलं तर एक शब्द खोटा नव्हता."

"झूठ तो झूठ है. हमको धरम से कोई प्रॉब्लेम नहीं. लेकिन जो आदमी झूठ बोल के घर में घुसे, उसको सोसायटी कैसे ले?" तो हे अगदी समाधानाने म्हणाला. त्याला एक स्वच्छ कारण मिळालं होतं, आणि ते आम्ही त्याच्या हातात ठेवलं होतं. मीनाबेन बिस्किटांची प्लेट धरून उभीच होती.

चाचांनी पाणी संपवलं. "कुर्सी बहुत अच्छी है, बेटी," तिला म्हणाले आणि रिक्षाकडे निघाले.

मग ते चार जिने पुन्हा वर. उतरताना चाचा बोलत होते, चढताना गप्प होते. पांडेजी नाहीत, डिसोझा नाहीत. वॉर्डबॉय घामाघूम झाले. तस्लीम मागून एक हात खुर्चीला लावून चढत होती, त्या हाताचा काही उपयोग नव्हता तरी. वर पोचल्यावर कुंदाताई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि त्यांच्या तोंडून गावची बोली बाहेर पडली. "मी खोटं बोलले म्हणून त्यांना खरं बोलायची गरज पडली न्हाय. मीच त्यांना सोडवलं." तक्रार करायला आमच्याकडे तोंड उरलं नव्हतं, हे खरंच होतं.

तस्लीमने त्यांना पाणी दिलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "ताई, आपके गाँव में कोई कमरा खाली नहीं है क्या?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुंदाताई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भावाला विचारलं. दोन खोल्या रिकाम्या हायत. तो बोलला, तुला राह्यला दिली हाय खोली, वाटायला न्हाय." थोडं थांबून म्हणाल्या, "इतकी वर्षं लोकांची दारं ठोकतेय कुलकर्णी, स्वतःचं ठोकून बघितलं नव्हतं." मग चहा करायला निघून गेल्या. त्या दिवशी चहात साखर नव्हती, सगळ्यांनी तो तसाच घेतला.

आठवड्याभरात त्यांनी होतं नव्हतं ते मोडून हाटकेशचा तोच फ्लॅट भाड्याने घेतला. स्वतःच्या खऱ्या नावावर, कुंदा भोईर. खोटं बोलणाऱ्या बाईला सोसायटीने कसं घेतलं, असं मला लोक विचारतात. मालकाला फ्लॅट रिकामा परवडत नव्हता, आणि भोईर म्हणजे नवघर गावची माणसं. गावच्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची तिथे कुणाची छाती नव्हती. झूठ वगैरे सगळं सेक्रेटरी विसरला. कुंदाताई चाचांकडे गेल्या आणि म्हणाल्या, घर झालं, आता माझे पाहुणे म्हणून चला, पाहुण्याला कुणी अडवू शकत नाही.

चाचा हसले, पण यायला तयार होईनात. "मेहमान नहीं बनूँगा, बेटी. उम्र भर किराया दिया है." हात वर. श्वास. "दरवाज़े पर मेरा नाम हो तो आऊँगा. छुप के नहीं आऊँगा."

तस्लीम चिडली, रडली. मलाही त्या वेळी म्हाताऱ्याचा राग आला. पाणी एक दिवसाआड येत होतं आणि हा नाव मागत होता. कुंदाताईंना मात्र ते लगेच पटलं. त्यांनी स्टेशनबाहेरून पाटी करून आणली, युसुफ शेख, मराठीत आणि इंग्रजीत, आणि स्वतः स्क्रू मारून दाराला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी नव्हती. त्यांनी दुसरी आणली. ती पायपुसण्यावर नीट उलटी ठेवलेली मिळाली. तिसरी कचऱ्यात. कुणी काढली हे त्या विचारत नसत, आणि सोसायटीत रोज भेटणारे लोक त्यांना रोज हसून 'कैसे हो' म्हणत. मीनाबेन ढोकळा आणून द्यायची. मी एकदा भडकून म्हणालो की पोलिसांत जाऊया. "पाटी चोरीला गेली म्हणून?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी एक पेंटर आणला आणि नाव सरळ दारावरच रंगवून घेतलं. हाताएवढी अक्षरं, निळी. ती आता उपटून काढता येत नव्हती. नोटीस आली, मालकाचा फोन आला. अ‍ॅग्रीमेंटमध्ये दारावर काय रंगवायचं ह्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, आणि कुंदाताई जागच्या हलल्या नाहीत.

फोनवरचा फोटो घेऊन आम्ही दोघं चाचांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, बोटांनी फोटो मोठा करून एकेक अक्षर बघितलं. "लिखाई अच्छी है," म्हणाले. "जुमे की नमाज़ के बाद चलते हैं."

शुक्रवार यायच्या आधीच, बुधवारी सकाळी, ते गेले. तस्लीम रात्रपाळी करून परत आली तेव्हा दार उघडं होतं आणि ते दारातच, नेहमीच्या जागी. त्याच वॉर्डबॉयनी त्यांना खाली आणलं. कुंदाताई पुढे चालत होत्या आणि प्रत्येक मजल्यावर थांबत होत्या. डिसोझांच्या दारापाशी, मग पांडेजींच्या. मागचे थकून गेले होते, पण कुणी त्यांना चला म्हणालं नाही.

तस्लीम हाटकेशच्या घरी राहायला गेली नाही. "उस दरवाज़े से अंदर नहीं जा पाऊँगी," म्हणाली. ती मुंब्र्याला मामाकडे गेली, तिकडेच कुठेतरी नोकरी लागली. कुंदाताईंनी संस्थेचं काम सोडलं. मॅडम समजावायला गेल्या, मी गेलो, उपयोग झाला नाही. आता माझ्याबरोबर जोडी लावायला एक तरुण मुलगी येते, माझी लेक म्हणून. हुशार आहे. मी अजून पंख्याकडेच बघतो, पण रिकाम्या खोलीत कुणी "खाट इथे" म्हणत नाही आणि मला ते फार जाणवतं.

मागच्या दिवाळीत सुधाने फराळाचा डबा दिला आणि म्हणाली, तुमच्या दुसऱ्या बायकोला देऊन या. गेटवर वॉचमन नवा होता. मी कुंदा भोईरांचं घर विचारलं. त्याला माहीत नव्हतं. मग मी सांगितलं, ठेंगण्याशा, एकट्या राहतात. "अच्छा, यूसुफ चाचा के घर?" तो म्हणाला. "ग्राउंड फ्लोर, लेफ्ट."

निळी अक्षरं तशीच होती. कुणीतरी, बहुधा त्यांनीच, वरून पुन्हा रंगाचा हात दिला होता. कुंदाताई खंगल्या होत्या, पण मला बघून खूष झाल्या. चहा टाकला. सुधाची चौकशी केली, माझ्या गुडघ्यांची केली. आत फारसं सामान नव्हतं. दाराजवळच्या भिंतीला एक खाट होती, तिच्यावर त्या बसल्या नाहीत. मीही बसलो नाही. आम्ही दोघं खाली चटईवर बसून चकल्या खात होतो.

तेवढ्यात बाहेर बायकांचे आवाज आले. दार लोटलेलं होतं, सगळं ऐकू येत होतं. मीनाबेन कुणा नव्या भाडेकरणीला सोसायटी दाखवत होती. नव्या बाईने विचारलं, "ये यूसुफ शेख कौन हैं?"

"अरे, बहुत अच्छे आदमी थे," मीनाबेन म्हणाली. "हमारे बंटी को स्कूल ले जाते थे. पूरी सोसायटी के चाचा. यहीं रहते थे."

ती खोटं बोलतेय असं तिच्या आवाजात कुठेही नव्हतं. तिला ते मनापासून तसंच आठवत होतं.

कुंदाताई हातातली कपबशी खाली ठेवून उठल्या. दार उघडलं. मला वाटलं, आता भांडण होणार. पण त्या अगदी हळू, समजावल्यासारखं म्हणाल्या, "नहीं मीनाबेन. यहाँ नहीं रहते थे. रहना चाहते थे. हमने आने नहीं दिया."

मीनाबेनचा चेहरा उतरला. "हाँ," ती पुटपुटली. "हाँ, ताई. वो तो..." नवी बाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. मग दोघी जिन्याकडे निघून गेल्या. कुंदाताई आत आल्या, चटईवर बसल्या आणि गार झालेला चहा त्यांनी उचलला.

मी विचारलं, "ही नेहमी असंच सांगते?"

"मनाने चांगली हाय ती," कुंदाताई म्हणाल्या. "दरवेळी विसरते. मी दरवेळी सांगते."